पाच चाळीसची बस

राधेश्याम पांढऱ्या गाडीतून उतरला तेव्हा सुग्रीव खरात अंगणात बसून बूट घालत होता. सकाळचे पावणेआठ झाले होते. अंबडहून जालन्याच्या एमआयडीसीत जायला मोटारसायकलने पाऊण तास लागायचा, आणि नऊला त्याला सळयांच्या कारखान्याच्या गेटवर उभं राहायचं होतं. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. पाच मिनिटं आधी पोहोचला नाही तर त्याला दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. पण राधेश्यामला दारात पाहिल्यावर त्याच्या हातातली नाडी तशीच राहिली.

तीन वर्षांपूर्वी याच राधेश्यामने त्याला परदेशी नोकरीला लावलं होतं. माजी सैनिकांना बाहेर पाठवणाऱ्या एका सुरक्षा कंपनीचा तो इकडचा माणूस. लढाईने पोखरलेल्या एका शहरात एका श्रीमंत देशाची वकिलात होती. तिच्या गेटवर पहारा द्यायला कंपनी आपल्याकडचे आणि नेपाळचे निवृत्त फौजी भरत असे. त्या शहराचं आणि देशाचं नाव कुठे घ्यायचं नाही, अशी करारात अटच होती. सुग्रीवने ती इतकी पाळली की घरात सगळे त्या जागेला नुसतं 'तिकडं' म्हणायचे.

"भाऊ, पाचच मिनिटं घेतो," राधेश्याम ओट्यावर टेकत म्हणाला. "एक सही पायजे तुमची. ऑफिसचं काम हाय, बाकी काई न्हाई."

त्याने फाइलमधून दोन पानं काढली. सगळं इंग्रजीत. सुग्रीवला इंग्रजी कामापुरतं यायचं, पण कोर्टकचेरीचं यायचं नाही. त्याने आतून रेणुकाला हाक मारली. थोरली लेक, जालन्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ती ओल्या केसांनी तशीच बाहेर आली आणि उभ्याउभ्या वाचू लागली.

"पप्पा, हे तुमच्या नावाचं निवेदन हाय. म्हंजे तुम्हीच सांगताय असं." तिने एकेक ओळ मराठीत सांगितली. "रक्षकांनी स्वतःच्या सोयीसाठी साधी मिनीबस मागून घेतली होती. बसबद्दल कोणीही कधी लेखी तक्रार केली नव्हती. बसमध्ये असताना रक्षक ड्युटीवर नव्हते."

"काय नव्हते?"

"ड्युटीवर नव्हते."

सुग्रीव उठला. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा. "पुन्यांदा वाच," तो म्हणाला. रेणुकाने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा प्रेमला चहाचे कप घेऊन उंबऱ्यात आली होती, ती तिथेच थांबली. नवऱ्याचा असा आवाज तिने फार कमी वेळा ऐकला होता.

हे कागद कशाचे आहेत ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. अकरा महिन्यांपूर्वी 'तिकडं' ती बस उडवली गेली होती. आत नऊ जण होते. सगळे गेले. त्यांत एक अंतरवालीकडचा धर्मराज होता. पस्तीस वर्षांचा, तोही निवृत्त फौजी. त्याला तिकडं नेणारा सुग्रीवच. "काका, मलाबी लावा की," असं तो वर्षभर मागे लागला होता.

वकिलातीचा बंदोबस्त सुग्रीवला तोंडपाठ होता, कारण रात्रपाळीचा प्रमुख तोच होता. बाहेरचा अडसर, मग दुसरं गेट, मग स्फोट अडवणारी जाडजूड भिंत. खिडक्यांच्या काचा फुटून उडू नयेत म्हणून त्यांच्यावर चिकटवलेला पडदा. येणाऱ्या प्रत्येक गाडीखाली आरसा फिरवायचा, मग ती राजदूताची असो की भाजीची. अधिकाऱ्यांनी बाहेर पडायचं ते बुलेटप्रूफ गाडीतून, पुढे एक गाडी, मागे एक, आणि लागोपाठ दोन दिवस एकच वेळ किंवा एकच रस्ता नाही. हे सगळं एका जाड पुस्तकात लिहिलेलं होतं आणि त्या पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं तर नोकरी जात होती.

आणि पहारेकऱ्यांची बस? कॅम्पवरून रोज पहाटे पाच चाळीसला सुटायची. रोज तोच रस्ता. पिवळी मिनीबस, अंगठ्याने दाबला तर पत्रा आत जाईल अशी. ज्यांच्या भरवशावर आतले लोक झोपत होते, ते या बसमधून कामावर येत होते.

सुग्रीवने हे रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. एकदा नाही, चार वेळा. पाळी संपताना प्रमुखाने शेरा लिहायचा असतो, त्यात त्याने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, 'सेम टाइम, सेम रोड, नो बुलेटप्रूफ.' पाचव्यांदा तो कॅम्पच्या मॅनेजरकडे स्वतः गेला. मॅनेजर म्हणाला, पुस्तकातले नियम वकिलातीच्या स्टाफसाठी आहेत. तुम्ही ठेकेदाराची माणसं.

बस उडवली त्या दिवशी सुग्रीव गेटवर उभा राहून सुटकेची वाट बघत होता. सहाला दहा कमी असताना दोन किलोमीटरवरून आवाज आला आणि पायाखालची जमीन हलली. वायरलेसवर सगळे एकदम बोलायला लागले. त्याने धर्मराजचं नाव घेऊन चार वेळा विचारलं. उत्तर आलं नाही.

बदलीला येणारी माणसंच उरली नव्हती, त्यामुळे रात्रपाळी सुटली नाही. गेट उघडं टाकता येत नाही, असा नियम. सुग्रीव आणखी नऊ तास तिथे उभा राहिला. त्याची पोरं दोन किलोमीटरवर रस्त्यावर पडलेली, आणि तो इथे. नऊ वाजता राजदूताला विमानतळावर हलवायचं ठरलं. बुलेटप्रूफ गाडी आली. सुग्रीवने नियमाप्रमाणे तिच्याखाली आरसा फिरवला, अडसर वर केला, सलाम केला. गाडी निघून गेली. आतल्या माणसाने काच खाली केली नाही. करायची नसते, तोही नियमच.

हे सगळं राधेश्यामला माहीत होतं. सुग्रीव परत आला तेव्हा त्यानेच तर त्याला विमानतळावरून आणलं होतं.

"सोय?" सुग्रीव म्हणाला. "आमी सोयीसाठी बस मागितली? कोन बोललं असं?"

"भाऊ, भाषा असती ती कागदाची. तिकडच्या सरकारनं चौकशी बसवली. कंपनीला उत्तर द्यावं लागंल का न्हाई? तुमच्या पाळीतल्या चौदातल्या अकरांनी सह्या दिल्या. तुमी प्रमुख व्हते, म्हणून तुमची जरुरी हाय." राधेश्यामने आवाज उतरवला. "दुसऱ्या देशात एम्बसीचं काम निघालंय. शांत देश हाय. सुपरवायझर म्हणून तुमचं नाव वर हाय, मी सांगून राह्यलो ना. हितं सळयांच्या गेटवर किती दिवस उन्हात उभे राहताल?"

"अन् रजिस्टर?"

"कोनतं रजिस्टर?"

"म्या लिहिलेलं. चार वेळा."

"तसं काई सापडलं न्हाई भाऊ. जुनी रजिस्टरं ते दर सहा महिन्याला जाळतेत." तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "गेलेली माणसं सहीनं परत येणार हायेत का?"

सुग्रीवने लेकीच्या हातातून कागद घेतले, नीट घडी केली आणि राधेश्यामच्या फाइलमध्ये ठेवले.

"राधेश्याम, तू माह्या दारात आलास म्हणून चहा पी. पी अन् जा. आन हे कागद पुन्यांदा हितं आणलेस तर मी तुला बसू देनार न्हाई."

राधेश्यामने चहा घेतला नाही. गाडी वळताना त्याने काच खाली करून सांगितलं, "इचार करा. जल्दी न्हाई." मग धुरळा उडवत गेला. सुग्रीव त्या दिवशी कामावर पंधरा मिनिटं उशिरा पोहोचला, नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी तो धर्मराजच्या आईकडे गेला. झुंबरबाई कपाशीच्या शेताला लागून दोन खोल्यांत राहायची. सून माहेरी गेली होती. अकरा महिन्यांत सुग्रीव तिथे दोनदाच आला होता, दोन्ही वेळा मान खाली घालून बसला आणि उठून गेला. आपण नेलं नसतं तर, हा विचार त्याला त्या घरात उभं राहू देत नसे. या वेळी त्याने बसल्याबसल्या सगळं सांगितलं. कागदावर काय होतं तेही.

म्हातारी सोयाबीन निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"गावातबी असंच बोलतेत," ती म्हणाली. "की झुंबरबाईचं पोरगं कामावर न्हवतं, कुटं तरी फिरायला चाललं व्हतं अन् सापडलं. सरपंचानं मला तोंडावर सांगितलं, मावशे, फौजेत असताना गेला असता तर नाव लावता आलं असतं शाळंपाशी पाटीवर, पन हे काई बराबर बसत न्हाई. मी काई बोलले न्हाई. मला काय ठावं." ती उठली आणि आतून एक पेटी ओढत आणली. कंपनीने पाठवलेलं सामान होतं. कॅम्पवरच्या खोलीतली जास्तीची वर्दी, पट्टा, पॉलिशची डबी. "तूच सांग सुग्रीवा. वर्दी घालून, बूट चमकवून, पहाटं पाचला कोन फिरायला जातं?"

"कोनी जात न्हाई मावशी."

"मंग त्यो कामावर व्हता का न्हवता?"

"व्हता."

"मंग हे त्यांना सांग. मला सांगून काय उपेग?"

घरी येऊन त्याने रेणुकाला विचारलं, ही चौकशी कोण करतंय ते सापडतं का. तिला तासाभरात सापडलं. त्या देशाच्या सरकारने एका निवृत्त न्यायाधीश बाईंना नेमलं होतं, आणि ज्याला काही सांगायचं असेल त्याने लिहावं असा पत्ता दिलेला होता. बापलेकीने मिळून पत्र लिहिलं. सुग्रीव मराठीत बोलायचा, ती इंग्रजीत उतरवायची. चार तारखा त्याला आठवत होत्या, कारण त्यांतली एक प्रेमलाच्या वाढदिवसाची होती, एक पोळ्याची, आणि उरलेल्या दोन्ही त्याने पगाराच्या दिवशी लिहिल्या होत्या. नाव न घेण्याची करारातली अट त्याने पहिल्यांदा मोडली. पत्राच्या वरच त्याने शहराचं नाव लिहायला लावलं, मोठ्या अक्षरात.

दीड महिन्याने बोलावणं आलं. व्हिडिओवर साक्ष. अंबडला बद्रीनाथचं ई-सेवा केंद्र होतं, त्याने मागची खोली दिली. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर लावून ठेवला, आणि दुपारचे तीन ते पाच सातबाऱ्याच्या रांगेला बाहेर गप्प बसवलं. सुग्रीव इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसला. पडद्यावर चार चौकोन होते. न्यायाधीश बाई, एक दुभाष्या, कंपनीचा वकील, आणि एक रिकामी खुर्ची.

कंपनीचा वकील सभ्य होता. त्याने विचारलं, "त्या रजिस्टरच्या पानाची प्रत तुमच्याकडे आहे का?"

"न्हाई."

"फोटो?"

"न्हाई. गेटवर फोन न्यायला मनाई व्हती. पानाची नक्कल काढायलाबी मनाई."

"म्हणजे पुरावा नाही."

"साहेब," सुग्रीव म्हणाला, आणि दुभाष्या थांबला तरी तो थांबला नाही, "मी तुमचा नियम पाळला म्हणून माह्याकडं पुरावा न्हाई. नियम मोडला असता तर असता. माह्या पोरांनीबी नियम पाळला. पाच चाळीसला बसा म्हणले, पाच चाळीसला बसले. तुमच्या साहेबाच्या गाडीखाली म्या रोज आरसा फिरवला. आमच्या बसखाली कोनी फिरवला? ते वर्दीत व्हते, कॅम्पच्या गेटवर हजेरीची सही करून निघाल्ते. सही केल्यावर ड्युटी लागती का न्हाई? तुमच्याकडं लागत नसंल तर सांगा, आमच्याकडं लागती!"

शेवटी शेवटी तो ओरडतच होता. बाहेरच्या रांगेतली माणसं दारापाशी आली. न्यायाधीश बाईंनी त्याला अडवलं नाही. तो थांबल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्या रजिस्टरवर रोज सकाळी कोण सही करत असे?"

"एम्बसीच्या सुरक्षा अधिकारी मॅडम. प्रत्येक पानावर."

रिकाम्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी त्याच मॅडम येऊन बसल्या. साक्ष इंटरनेटवर सगळ्यांना बघता येत होती. कारखान्याच्या गेटवरच्या खोलीत जेवणाच्या सुटीत सुग्रीवने रेणुकाला फोन लावला, ती कॉलेजातून बघून बघून सांगत होती.

"पप्पा, त्या म्हणून राह्यल्या की शेरे होते. चारही. त्यांनी वाचले होते."

"वाचले व्हते?"

"हो. वरती कळवलं पण होतं त्यांनी. वरून उत्तर आलं, रक्षकांची वाहतूक आपल्या नियमात बसत नाही, ठेकेदाराचा प्रश्न आहे. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पप्पा, रडतायत त्या."

सुग्रीवने डबा झाकला. इतके दिवस त्याने स्वतःची समजूत घातली होती की ते इंग्रजी मोडकंतोडकं होतं, कुणाला कळलंच नसेल, घाईत सही करत असतील. न वाचणाऱ्यावर माणूस किती चिडणार? पण वाचलं होतं. कळलंही होतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर ते गेलं होतं, आणि तिथे कुणीतरी चहा पिता पिता ठरवलं होतं की ही माणसं आपल्या हिशेबात नाहीत. तो गेटवर गेला आणि सळयांचे ट्रक आत सोडत राहिला, पण त्या दुपारी एका ड्रायव्हरने नुसतं 'जल्दी करा' म्हटल्यावर तो त्याच्या अंगावर असा धावून गेला की दोघांना मध्ये पडावं लागलं.

अहवाल पावसाळ्यानंतर आला. दोनशे पानांचा. रेणुकाने दोन दिवस बसून वाचला. यापुढे वकिलातीच्या पहारेकऱ्यांना अधिकाऱ्यांसारख्याच बुलेटप्रूफ गाडीतून न्यावं, वेळ आणि रस्ता बदलत राहावा. कॅम्पवर हजेरी लागल्यापासून रक्षक ड्युटीवर धरावेत, आणि त्या नऊ जणांनाही तसंच धरावं. चूक कोणाची, या प्रश्नाला अहवालात एक शब्द होता, 'व्यवस्थेची'. माणसाचं नाव एकही नव्हतं. कंपनीचं ते कंत्राट गेलं.

सुग्रीवने नऊ जणांबद्दलचं पान रेणुकाकडून मराठीत लिहून घेतलं आणि अंतरवालीकडची वाट धरली. झुंबरबाईने त्याला ती ओळ दोनदा वाचायला लावली, मग सरपंचाला बोलावून आणून तिसऱ्यांदा. सरपंच 'बघू, ठराव घेऊ' म्हणाला. तो गेल्यावर म्हातारीने विचारलं, "आता बुलेटप्रूफ देनार म्हणतेत. गाड्या आत्ता तयार झाल्या का?"

"न्हाई मावशी. पह्यल्यापासून व्हत्या. चार-पाच तर कॅम्पवरच उभ्या राहायच्या."

म्हातारीने अशी एक शिवी दिली की सुग्रीवने फौजेतही ऐकली नव्हती.

दिवाळीनंतर कारखान्यातल्या एका पोराने त्याला मोबाइलवर जाहिरात दाखवली. परदेशी वकिलातींसाठी सुरक्षा रक्षक पाहिजेत. माजी सैनिकांना प्राधान्य. जालन्याला अमुक मंगल कार्यालयात मुलाखती. खाली राधेश्यामचा नंबर. कंपनीचं नाव नवीन होतं.

सुग्रीवने सुटी टाकली. झुंबरबाईला कळवलं फक्त, पण ती म्हणाली, मला घेऊन चल. दोघं मोटारसायकलवर आले. कार्यालयात चाळीसेक जण खुर्च्यांवर बसले होते, ताठ पाठीचे, केस बारीक कापलेले. राधेश्याम स्टेजवर माईक घेऊन पगार, जेवण, राहणं सांगत होता. सुग्रीव मधल्या रांगेत उभा राहिला.

"राधेश्याम, कॅम्पवरून कामावर कोनत्या गाडीतून नेनार ते सांग. अन् करारात लिहिलंय का ते दाखव."

"भाऊ, आपुन नंतर बोलू. बसा."

"मी बसायला आलो न्हाई."

राधेश्यामने हसून विषय पुढे नेला. सुग्रीवने प्रश्न पुन्हा विचारला, फौजी आवाजात, माईकची गरज नव्हती. सगळ्या माना वळल्या. एकाने विचारलं, का हो, काय भानगड हाय? तेव्हा सुग्रीवने सांगायला सुरुवात केली. शहराचं नाव घेऊन, बसचा रंग सांगून, नऊ जणांची नावं घेऊन. राधेश्यामबरोबर आलेली दोन पोरं त्याला धरून बाहेर काढायला आली. त्यांच्या आणि त्याच्या मध्ये झुंबरबाई येऊन उभी राहिली. कमरेएवढी म्हातारी, पण तिला हात कोण लावणार?

"माझा धर्मराजबी तुमच्यासारखाच व्हता," ती समोरच्यांना म्हणाली. "मेल्यावर तुमाला कामावर धरनार का न्हाई, हे आधी इचारून घ्या. मला पावनेदोन वर्षं लागली इचारायला."

राधेश्यामने मुलाखती अर्ध्या तासासाठी थांबवल्या. अकरा जण उठले आणि फॉर्म खुर्चीवर ठेवून निघून गेले. चौघांनी करार मागितला, वाचायला. बाकीचे बसून राहिले. त्यांच्याकडे सुग्रीव रागाने बघू शकला नाही. चार वर्षांपूर्वी तोही असाच बसला होता. पण स्टेजकडे मात्र तो बघतच राहिला, आणि अर्ध्या तासाने राधेश्यामने पुन्हा माईक हातात घेतला तेव्हा त्याने तोच प्रश्न पहिल्यापासून विचारला.